ओटीपोटाच्या तळाची गोष्ट: पहिल्या भेटीत जे घडतं ते कुठून आलं?

शिंकताना, खोकताना लघवीचे थेंब गळतात. दिवसभर उभं राहिलं की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. या तक्रारींना अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात कोणी आजार म्हणत नाही. 'अंग बाहेर येतं' एवढं हळू आवाजात बोललं जातं आणि विषय 'बाळंतपणानंतर व्हायचंच' इथे संपतो. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी कोळीण असो, भाताच्या लावणीला वाकलेली आगरी बाई असो किंवा पनवेलला नोकरीला जाणारी तरुणी, तिघींचं उत्तर साधारण तेच असतं.

या तक्रारींवर एक उपचार आहे, पेल्व्हिक फ्लोअर थेरपी. माकडहाडापासून पुढच्या जघनास्थीपर्यंत झोळीसारखा पसरलेला स्नायूंचा एक थर असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून आधार देतो. या थराची तपासणी करून त्याला पुन्हा कामाला लावणं म्हणजे ही थेरपी. पहिल्या भेटीत काय होतं, असं अनेकजणी विचारतात. त्याचं उत्तर या लेखात आहे, पण थोडं वेगळ्या वाटेने. त्या भेटीतल्या प्रत्येक पायरीला एक इतिहास आहे. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी तो वाचला, तर 'पुरावा' नावाची गोष्ट कशी तयार होते तेही त्यात दिसेल.

पायरी पहिली: प्रश्न विचारले जातात

पहिल्या भेटीचा मोठा भाग बोलण्यातच जातो. बाळंतपणं किती, टाके पडले होते का, लघवी कधी गळते, बद्धकोष्ठता आहे का, संबंधाच्या वेळी दुखतं का, दिवसभरात वजन किती उचलता. शिवाय निदान तीन दिवसांची लघवीची डायरी लिहायला सांगतात: किती वाजता गेलात, साधारण किती झाली, किती पाणी प्यालात, कधी गळली.

हे प्रश्न का विचारावे लागतात, याचं सगळ्यात ठाम उत्तर महाराष्ट्रातूनच आलं. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. ते काम 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. 92 टक्के बायकांमध्ये निदान एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार सापडला. पण स्वतःहून तक्रार सांगणाऱ्या होत्या 55 टक्के, आणि पूर्वी कधीतरी तपासणी व उपचार झालेल्या फक्त 8 टक्के.

हे तीन आकडे शेजारी ठेवून बघा. संशोधकांनी तोपर्यंत दवाखान्यात येणाऱ्या बायका मोजल्या होत्या. बंग यांनी गावात राहणाऱ्या बायका मोजल्या. छेदात कोण आहे हे बदललं आणि सगळं चित्र बदललं. त्या अभ्यासातला निम्मा आजार जननमार्गाच्या संसर्गाचा होता, त्यामुळे 92 टक्के हा आकडा अंग उतरण्याचा किंवा लघवी गळण्याचा म्हणून वापरायचा नाही. त्यातून घ्यायचा धडा एवढाच: बाई बोलत नाही, याचा अर्थ तिला काही होत नाही असा नाही. थेरपिस्ट इतके खोदून प्रश्न विचारते ते म्हणूनच.

पायरी दुसरी: तपासणी, आणि 'नको' म्हणण्याचा हक्क

बोलणं झालं की शरीराची तपासणी. आधी श्वास, पोट, पाठ आणि उभं राहण्याची पद्धत. मग तुमची परवानगी असेल तर हातमोजा घालून एका बोटाने आतून स्नायूची तपासणी. हे ऐकूनच अनेकजणी अपॉइंटमेंट रद्द करतात. म्हणून स्पष्ट सांगते: ही तपासणी पहिल्याच दिवशी झाली पाहिजे असं नाही. नको म्हणता येतं, मध्येच थांबवता येतं, सोबत कोणाला तरी बसवता येतं.

हा हक्क आपोआप मिळालेला नाही. आधुनिक स्त्रीरोगशास्त्रातली काही महत्त्वाची तंत्रं अमेरिकेतल्या अलाबामात 1840 च्या दशकात जेम्स मॅरियन सिम्स यांनी बसवली. बाळंतपणात फाटून मूत्राशय आणि योनी यांच्यात भोक पडलेल्या गुलाम स्त्रियांवर त्यांनी पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी या त्यातल्या तिघी. भूल दिलेली नव्हती, आणि गुलाम बाईच्या 'हो'ला अर्थही नव्हता. आज एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना कंटाळा आला की ही तीन नावं आठवावीत.

आपल्याकडे अडचण वेगळी होती. पुरुष डॉक्टरसमोर जायचं नाही म्हणून बायका दवाखान्यातच जात नसत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी याच कारणासाठी अमेरिकेत डॉक्टर व्हायला गेल्या. 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. त्यांचा प्रबंध होता आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर, म्हणजे आपल्याच परंपरेतल्या ज्ञानाची मांडणी परक्या परीक्षकांपुढे. त्याच वर्षी मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायकांसाठी आणि बायका डॉक्टरांच्या हाताखाली. एडिथ पेची या ब्रिटिश डॉक्टर तिथल्या प्रमुख होत्या. 'तपासणारी बाई असेल तर येते' ही अट आजही ऐकू येते. ती अडाणीपणाची खूण मानू नये. दवाखाने कसे बांधायचे हे ठरवणारी ती अट आहे.

पायरी तिसरी: ताकद मोजली जाते

तपासताना थेरपिस्ट म्हणते, 'लघवी मध्येच थांबवायची आहे आणि वायूही रोखायचा आहे, असं समजून आत-वर ओढा.' मग 0 ते 5 या श्रेणीत ताकद नोंदवते. किती सेकंद धरता येतं आणि किती वेळा करता येतं हेही लिहिते. काही ठिकाणी दाब मोजणारं यंत्र असतं.

या यंत्राची गोष्ट 1948 ची. लॉस एंजेलिसचे डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी पेरिनिओमीटर नावाचं साधन आणि त्यावर आधारलेला व्यायाम प्रसिद्ध केला. त्यांची खरी कल्पना ही की न दिसणाऱ्या स्नायूचं काम बाईला काट्यावर बघता आलं, तर ती तो शिकू शकते. मात्र स्नायूंचे व्यायाम त्यांच्याआधीही होते. ब्रिटनमध्ये नर्तिका आणि फिजिओथेरपिस्ट मार्गारेट मॉरिस यांचं बाळंतपणानंतरच्या व्यायामांवरचं पुस्तक 1936 मध्येच आलं होतं. नाव मात्र केगेल यांचं राहिलं, कारण त्यांनी व्यायामाला मोजमाप जोडलं.

इथे आपल्याकडचा वाचक लगेच म्हणतो, 'पण हे तर योगात आधीपासून आहे!' हा दावा नीट तपासायला हवा. हठप्रदीपिकेत मूलबंध आहे, घेरंडसंहितेत अश्विनी मुद्रा आहे. दोन्हींत शरीराचा खालचा भाग आवळून वर ओढायचा असतो, म्हणजे क्रिया जवळची आहे. पण हेतू होता अपान वायू वर नेण्याचा, आणि तो ग्रंथ बोलतो साधकाशी. बाळंतपणानंतर लघवी गळणारी बाई त्याच्यासमोर नव्हती. आयुर्वेदाच्या संहितांत वीस योनिव्यापद सांगितल्या आहेत. त्यातल्या काहींची वर्णनं अंग खाली सरकण्याशी जुळतात, म्हणजे आजार माहीत होता. क्रियाही माहीत होती. पण 'या आजारावर ही क्रिया' हा जोड असल्याशिवाय त्याला उपचाराचा शोध म्हणता येत नाही.

याहून रोचक दाखला बोरघाट चढून गेल्यावर सापडतो. स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिकही. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब किती बदलतो हे त्यांनी मॅनोमीटर लावून मोजलं. दाब उणे होतो हे दिसल्यावर आपल्या गुरूंच्या नावावरून त्यांनी त्याला 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं. केगेल यांच्या चोवीस वर्षं आधी, खोपोलीच्या डोक्यावर कोणीतरी शरीराच्या आतला दाब काट्यावर वाचत होतं. हे पेल्व्हिक फ्लोअरचं मापन नव्हे, तो दावा करायचा नाही. पण 'परंपरेत लिहिलंय' यावर न थांबता 'मोजून बघू' म्हणणारी वृत्ती इथेच होती, हे मात्र खात्रीने म्हणता येतं.

पायरी चौथी: व्यायाम दिला जातो, आणि वाट बघावी लागते

केगेल यांच्या कामात एक उणीव होती. तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट नव्हता. बरं वाटलं ते व्यायामाने, काळाने की डॉक्टरांच्या लक्ष देण्याने, हे त्यातून कळत नाही. ही उणीव भरून यायला काही दशकं लागली.

1991 मध्ये बंप आणि सहकाऱ्यांनी 47 बायकांना फक्त तोंडी सूचना देऊन व्यायाम करायला लावला. बरोबर केला 49 टक्के बायकांनी, आणि 25 टक्के बायका अशा रीतीने जोर लावत होत्या की त्रास उलट वाढावा. 'यूट्यूबवर बघून करते की' याला हे उत्तर आहे. आत-वर ओढण्याऐवजी खाली ढकलणं ही एक सामान्य चूक, आणि ती करणाऱ्याला अनेकदा स्वतःला कळत नाही.

1999 मध्ये नॉर्वेच्या कारी ब्यो आणि सहकाऱ्यांनी 107 बायकांचे चार गट केले: व्यायाम, विजेची उत्तेजना, योनीत ठेवायचे वजनी शंकू आणि काहीच उपचार नाही. सहा महिन्यांनी व्यायामाचा गट पुढे होता. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात 14 देशांतल्या 31 चाचण्या आणि 1817 बायका होत्या. खोकताना-शिंकताना गळणाऱ्यांपैकी व्यायाम केलेल्या 56 टक्के बायकांनी पूर्ण बरं झाल्याचं सांगितलं, न केलेल्यांत 6 टक्के.

म्हणून थेरपिस्ट निदान तीन महिन्यांची मुदत सांगते. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शनात दिवसातून तीन वेळा, दर वेळी निदान आठ आकुंचनं असं प्रमाण आहे. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नये, स्नायू त्याच्या गतीनेच बळकट होतो. आणि सगळ्यांनाच आवळण्याचा व्यायाम देत नाहीत. स्नायू आधीच आखडलेला असेल, दुखत असेल, तर आधी सैल सोडायला शिकवतात. कोणता व्यायाम हे तपासणीनंतरच ठरतं.

पायरी पाचवी: मर्यादा सांगितली जाते

चांगली थेरपिस्ट हेही सांगते की सगळं व्यायामाने होत नाही. अंग उतरण्यावर 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या पॉपी चाचणीत 447 बायका होत्या. थेरपिस्टसोबत व्यायाम केलेल्यांच्या तक्रारी वर्षभरानंतर कमी होत्या. पण पूर्ण बाहेर आलेलं अंग व्यायामाने आत जात नाही. तिथे पेसरी किंवा शस्त्रक्रिया लागते.

या शस्त्रक्रियांच्या इतिहासात मराठी नावं ठळक आहेत. गोव्यातल्या शिरोड्याला 1899 मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथेच शिकवलं. जग त्यांना 1955 मध्ये मांडलेल्या गर्भाशयमुखाच्या टाक्यासाठी ओळखतं, पण अंग उतरलेल्या तरुण बायकांचं गर्भाशय राखून करायच्या शस्त्रक्रियाही त्यांनी बसवल्या. पुरंदरे यांच्या नावाची सर्व्हिकोपेक्सीही याच मुंबईची. पुढे मूल हवं असलेल्या तरुणींचं अंग उतरलेलं इथले डॉक्टर रोज बघत होते, म्हणून गर्भाशय काढून टाकणं हे एकच उत्तर त्यांना पुरेसं वाटलं नाही. प्रश्न इथला होता, म्हणून उत्तरही इथे शोधावं लागलं.

एक सूचना मात्र थेट: लघवीत रक्त, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव किंवा लघवी अजिबात न होणं, यापैकी काही असेल तर व्यायामाची वाट न बघता आधी डॉक्टरांकडे जा.

संशोधकाने यातून काय घ्यावं

नॉर्वेतली चाचणी चोख होती. पण तिच्यातला व्यायाम करायला रोजचा निवांत वेळ, आडोसा आणि वरचेवर थेरपिस्टकडे जाण्याची सोय लागते. पहाटे बंदरावर जाऊन, लिलावात मासळी घेऊन, दुपारपर्यंत बाजारात उकिडवं बसणाऱ्या बाईसाठी 'दिवसातून तीन वेळा शांतपणे झोपून करा' ही सूचना औषधाच्या चिठ्ठीवर न परवडणारं औषध लिहिण्यासारखी आहे. पाटी उचलण्याच्या क्षणी आधी स्नायू आवळायचा आणि मग उठायचं, असा व्यायाम कामातच बसवता येतो. थेरपीत हे तंत्र शिकवतातही. ते तिच्या दिवसात कितपत टिकतं, हा आपल्या किनाऱ्यावरच विचारायचा प्रश्न आहे.

तो विचारायला निघालात तर प्रश्नावलीत 'पेल्व्हिक ऑर्गन प्रोलॅप्स' लिहू नका. 'अंग बाहेर येतं का?' असं विचारा, बाईने विचारा, आणि आजूबाजूला सासू किंवा नवरा नसताना विचारा. गडचिरोलीचा 8 टक्के हा आकडा सांगतो की न विचारल्यामुळे काय काय दिसायचं राहून जातं.