तेल गाळणारे आणि तेलाचा सण



आगमनकाळात आपण दर रविवारी एक मेणबत्ती लावतो. याच सुमारास यहुदी घरांत हनुक्काचे दिवे लागतात: पहिल्या संध्याकाळी एक, आठव्या संध्याकाळी आठ, आणि ते पेटवायला एक वेगळा. ख्रिस्तपूर्व 164 साली यहुदा मक्काबीने यरुशलेमचे मंदिर शुद्ध केले, त्याची ही आठवण. मक्काबीचा पहिला ग्रंथ आपल्या बायबलमध्ये आहे. एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरल्याची गोष्ट मात्र त्यात नाही, ती तालमुदातली.

आम्हां इब्रामपूरकरांना यहुदी दूरचे वाटतात. पण याच कोकणपट्टीत, अलिबागजवळ नवगावला, गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असे बेने इस्राएल सांगतात. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शब्बाथला घाणा बंद ठेवणारे. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळले, पण तेलाचा हा सण त्यांना ठाऊकच नव्हता! पूर्वज मंदिरशुद्धीच्या आधीच निघाले होते, असे ते म्हणत. पुढे कोचीनच्या यहुदी शिक्षकांकडून बाकीच्या विधींची ओळख झाली, तेव्हा हनुक्काही घराघरांत आला.

प्रभू येशूही या सणाला मंदिरात होते, हिवाळ्यात, शलमोनाच्या देवडीत (योहान 10:22-23). म्हणून आम्ही घरी एक नेम धरला आहे. नऊ दिव्यांचा दीपस्तंभ आणत नाही. तो त्यांच्या प्रार्थनेचा, आपल्या शोभेचा नव्हे. समईची एक वात लावतो आणि मक्काबीचा चौथा अध्याय मोठ्याने वाचतो. धाकटीने विचारले, सणच माहीत नव्हता तर ते यहुदी कसे? शेमा, सुंता आणि शनिवारी बंद घाणा, आम्ही सांगितले.