एचईआयसी फाइल म्हणजे काय? ती उघडायची आणि जेपीजी कशी करायची?

मित्राने आयफोनवरून तुमच्या मार्कशीटचा फोटो काढून पाठवला. फॉर्म भरायला बसलात तर वेबसाइट म्हणते, 'फक्त जेपीजी चालेल.' नीट पाहिलं तर फाइलच्या नावाच्या शेवटी एचईआयसी लिहिलेलं! घाबरू नका, फाइल खराब नाही.

एचईआयसी का वापरतात?
२०१७ मध्ये आयओएस ११ आलं, तेव्हापासून आयफोन फोटो या प्रकारात सेव्ह करतो. तेवढ्याच क्वालिटीचा फोटो जेपीजीच्या साधारण निम्म्या जागेत मावतो. पण जेपीजी १९९२ पासून आहे, म्हणून ते सगळीकडे चालतं. एचईआयसी अजून अनेक सरकारी आणि कॉलेजच्या वेबसाइट घेत नाहीत.

उघडायची कशी?
अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा फोन असेल तर गुगल फोटोजमध्ये बहुतेक वेळा सरळ उघडते. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स' टाकावं लागू शकतं.

जेपीजी कशी करायची?
१) आयफोनवर: फोटो निवडून शेअर दाबा. वर 'ऑप्शन्स' दिसेल, त्यात 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा आणि मग पाठवा.
२) अँड्रॉइडवर: व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, पण डॉक्युमेंट म्हणून नाही, फोटो म्हणून. जेपीजी मिळते. क्वालिटी थोडी घटते, म्हणून एचडी निवडा आणि अक्षरं वाचता येतात का ते बघा.
३) मॅकवर: प्रिव्ह्यूमध्ये उघडा, फाइल मेन्यूतून एक्स्पोर्ट करा आणि जेपीईजी निवडा.

या दोन चुका टाळा
नुसतं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहू नका. डब्यावरचं लेबल बदललं म्हणून आतली साखर मीठ होत नाही. फाइल आतून एचईआयसीच राहते आणि फॉर्म अडकू शकतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. आधार, पॅन, मार्कशीट यांचे फोटो कुठल्याही अनोळखी 'फ्री कन्व्हर्टर' साइटवर टाकू नका. तुमची फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते, पुढे तिचं काय होतं ते तुम्हाला कळत नाही. वरचे तिन्ही मार्ग फुकट आहेत आणि त्यात असल्या साइटची गरजच पडत नाही.

कायमचा उपाय
आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. यापुढचे फोटो जेपीजीमध्येच निघतील. जुने मात्र तसेच राहतील, आणि नवे फोटो जागा जास्त घेतील. त्यामुळे फॉर्म भरायचे दिवस संपले की सेटिंग परत बदललीत तरी चालेल.