पडद्यावरची शाळा आणि परीक्षणांमधले राजकारण

शाळेवरचे चित्रपट समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी कसे स्वीकारले, हा अभ्यासाचा एक छोटा पण भरघोस विषय आहे. सुरुवात करायला डॅनियल बार्न्झ यांच्या २०१२ सालच्या ‘वोन्ट बॅक डाउन’सारखा दुसरा चित्रपट नाही.

पिट्सबर्गमधल्या सरकारी शाळेत एक लहान मुलगी फळ्यावरचे वाक्य अडखळत वाचते आहे, पोरे हसताहेत, बाई मोबाइलमध्ये गुंतल्या आहेत. मुलीला डिस्लेक्सिया आहे. तिची आई जेमी (मॅगी जिलेनहाल) आणि शिक्षिका नोना (व्हायोला डेव्हिस) दारोदार सह्या गोळा करून शाळेचा ताबा मागतात. परीक्षणे बहुतांशी प्रतिकूल आली. डेव्हिस यांच्या अभिनयाची कदर मात्र नापसंती कळवणाऱ्यांनीही केली. अडीच हजारांहून अधिक चित्रपटगृहांत लागूनही पहिल्या तीन दिवसांत जेमतेम २६ लाख डॉलर जमले.

खरी गंमत पुढे आहे. चित्रपटावर ‘सत्य घटनांवरून प्रेरित’ अशी पाटी होती. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये पालकांना शाळेचे व्यवस्थापन बदलण्याचा अधिकार देणारा कायदा केला होता. पण चित्रपट आला तेव्हा त्या कायद्याने एकही शाळा प्रत्यक्षात बदललेली नव्हती. त्याच राज्यातल्या ॲडेलान्टोच्या डेझर्ट ट्रेल्स शाळेतल्या पालकांची लढाई न्यायालयात गेली होती आणि ती शाळा नव्या व्यवस्थापनाखाली २०१३ मध्ये सुरू झाली. शिवाय कॅलिफोर्नियात निम्म्याहून अधिक पालकांच्या सह्या पुरत होत्या, तर पडद्यावरच्या कायद्याला निम्म्या शिक्षकांचीही संमती लागते. म्हणजे शिक्षकांच्या बाबतीत पटकथेतला कायदा मूळ कायद्यापेक्षा उदार होता. तरीही चित्रपट शिक्षक संघटनांच्या विरोधात आहे, हा आरोप मला रास्त वाटतो. मोहीम सोडावी म्हणून संघटनेची पदाधिकारी (हॉली हंटर) जेमीच्या मुलीला खासगी शाळेची शिष्यवृत्ती देऊ करते. त्या एका प्रसंगाने वादातली एक बाजू कलंकित होते, आणि मग संघटनेवर विश्वास असलेल्या शिक्षकाचे पात्र कितीही प्रेमाने रंगवले तरी तोल सावरत नाही.

अमेरिकी शिक्षक महासंघाच्या अध्यक्ष रँडी वाइनगार्टन यांनी प्रदर्शनाआधीच टीका केली होती. निर्माती वॉल्डन मीडिया ही उद्योगपती फिलिप अँशुट्झ यांची. ‘वेटिंग फॉर सुपरमॅन’ या माहितीपटामागेही तीच. त्यातच सप्टेंबर २०१२ मध्ये शिकागोचे शिक्षक संपावर गेले आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला चित्रपट लागला. संप ताजा असताना लिहिलेले परीक्षण कलेविषयी बोलता बोलता संपाविषयी कधी बोलू लागते, हे ओळखता येणे म्हणजेच या अभ्यासाची पहिली पायरी.

तेव्हा वाचकाला एवढीच विनंती: आधी चित्रपट पूर्ण पाहा, मग परीक्षणे काढा, आणि प्रत्येकावरची तारीख वहीत टिपून ठेवा.