प्रतिपिंड नेमके कशाला धरतात?

देवणी किंवा लाल कंधारी गाय पुन्हापुन्हा उलटू लागली, की लातूर-नांदेडकडचा शेतकरी वळूबद्दलही शंका घेतो. घरात मात्र मूल नसेल तर दवाखान्याच्या चकरा सुनेच्या वाट्याला येतात, पुरुषाची साधी वीर्यतपासणी लांबणीवर पडते. या भागातल्या विद्यार्थ्यांनी प्रजनन-प्रतिकारशास्त्राकडे वळावे, असे मला वाटते त्याला हेही एक कारण आहे.

वीर्याच्या काही नमुन्यांत शुक्राणू जिवंत असतात, वळवळतात, पण डोक्याला डोके किंवा शेपटीला शेपटी चिकटून त्यांचे पुंजके होतात. शुक्राणूंना धरणाऱ्या प्रतिपिंडांमुळे असे होऊ शकते, पण जंतुसंसर्गानेही होते, म्हणून पुंजका दिसला की प्रतिपिंडांवर खापर फोडू नये. परक्या प्राण्याचे शुक्राणू टोचले तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, हे लँडस्टायनर आणि मेचनिकॉफ यांनी 1899 च्या सुमारास दाखवले. स्वतःच्याच शुक्राणूंना चिकटवणारी प्रतिपिंडे वंध्य पुरुषांच्या रक्तात सापडली ती 1954 मध्ये, रुम्के आणि विल्सन यांना, स्वतंत्रपणे. शुक्राणू वयात आल्यावर बनतात. तोवर ‘आपले कोण’ हे शरीराने ठरवून टाकलेले असते. वृषणातला अडसर त्यांना रक्तापासून दूर ठेवतो. नसबंदीनंतर ही ताटातूट टिकत नाही आणि निम्म्याहून अधिक पुरुषांत अशी प्रतिपिंडे आढळतात.

खरी पंचाईत पुढे आहे: ही प्रतिपिंडे शुक्राणूवरच्या नेमक्या कोणत्या रेणूला धरतात, हे शोधणे. प्रथिने जेलवर वेगळी करायची, पटलावर उतरवायची, त्यावर रुग्णाचा रक्तद्रव सोडायचा आणि उमटलेला ठिपका वस्तुमान-वर्णपटमापकाने ओळखायचा, ही रूढ वाट. पण जेलवर प्रथिनाची घडी मोडते, पेशीच्या आतलीही प्रथिने मिसळतात आणि अपत्ये असलेल्यांच्या रक्तातही पट्टे उमटतात. म्हणून आधी जिवंत शुक्राणूच्या पृष्ठभागावरच खूण करून घ्यावी लागते.

शुक्राणूच्या पृष्ठभागावरच्या सीडी-52 या रेणूचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. जपानमध्ये इसोजिमा यांनी एका वंध्य स्त्रीच्या पेशींपासून मिळवलेले प्रतिपिंड याच रेणूला धरते. त्याचा प्रथिनभाग अवघ्या 12 अमिनो आम्लांचा. तोच लसिकापेशींवरही असतो, फरक असतो तो साखरेच्या साखळीत, आणि प्रतिपिंड धरते ती साखरच! शिवाय शुक्राणू हा रेणू स्वतः बनवत नाही, अधिवृषणातून जाताना अंगावर घेतो. नुसत्या प्रथिनांची यादी करणारा इथे हमखास चुकतो.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल स्वास्थ्य संशोधन संस्थेत 80 किलोडाल्टनच्या एका शुक्राणू-प्रथिनावर बरेच काम झाले आहे. एखाद्या जोडप्याचे दुखणे ठरणारा असा रेणू संततिनियमनाच्या लशीसाठी उपयोगी पडेल का, हा त्यामागचा एक प्रश्न. शुक्राणू-प्रथिनांवर आधारलेली तशी लस माणसांसाठी अजून वापरात आलेली नाही.