वंश आईचा, गादी भाच्याची : असांते समाजातले पूर्वज आणि हक्क

आफ्रिकेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : तिकडे पूर्वजांना फार मान असतो. ते खरंच आहे, पण एवढ्या मोठ्या खंडाबद्दल एवढंच म्हणून काही कळत नाही. सोमाली माणूस बापाकडून पिढ्या मोजतो, तर घानातला अकान माणूस आईकडून. म्हणून आज आपण अकानांपैकी एकच समाज घेऊ, कुमासी शहराभोवतीचे असांते, म्हणजे जुन्या पुस्तकांतले 'अशांती'. आणि प्रश्नही एकच घेऊ. पूर्वज मानायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

असांतेंच्या समजुतीप्रमाणे माणसाला रक्त मिळतं ते आईकडून. बापाकडून मिळतं ते 'न्तोरो', ढोबळमानानं म्हणायचं तर तेज, स्वभाव. रक्त आईचं म्हणून कूळही आईचं. या कुळाला 'अबुसुआ' म्हणतात. अशी आठ मोठी कुळं सांगितली जातात, आणि राजघराणं त्यांतल्या ओयोको कुळाचं.

आता हिशेब नीट लक्षात घ्या. असांते पुरुषाची स्वतःची मुलं त्याच्या कुळातली नसतात, ती बायकोच्या कुळात जातात. त्याच्या कुळात कोण? त्याची भावंडं आणि बहिणीची मुलं. म्हणजे वारसा भावाकडे किंवा भाच्याकडे जातो. राजाचा मुलगा राजा होत नाही. गादीचा नवा वारस सुचवते 'ओहेमा'. इंग्रजांनी तिला 'राणी' म्हटलं आणि घोटाळा केला, कारण ती राजाची बायको नसते. ती त्याची आई, बहीण किंवा मातृकुळातली दुसरी कोणी स्त्री असते. कोण कोणाच्या पोटचं, हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतं, म्हणून तिचा शब्द मोठा. रॅट्रे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1920 च्या दशकात असांतेंवर ग्रंथ लिहिले. या स्त्रियांचं एवढं महत्त्व आम्हाला आधी कसं कळलं नाही, असं त्यानं विचारलं. त्यावर त्याला मिळालेलं उत्तर साधारण असं होतं : तुम्ही कधी विचारलंच नाही, तुम्ही फक्त पुरुषांशी बोललात.

आणि पूर्वज कुठे असतात? लाकडी आसनांत. अधिकारावर असताना सन्मानानं मरण आलेल्या प्रमुखाचं आसन काळं करून खास खोलीत जपून ठेवतात. 42 दिवसांच्या चक्रात दोनदा, एका रविवारी आणि एका बुधवारी, 'अदाए'चा विधी होतो आणि आसनांपुढे अन्न नि पेय ठेवलं जातं. पण ज्याला गादीवरून उतरवलं, त्याचं आसन तिथे जात नाही. म्हणजे प्रत्येक मेलेला माणूस पूर्वज होत नाही. पूर्वजपण हे जिवंतपणी कमवावं लागतं, आणि आजच्या प्रमुखावर त्याचा धाक असतो.

सगळ्यांत वरचं ते सुवर्णासन. ते राज्य स्थापन करणाऱ्या ओसेई तुतूच्या काळात आकाशातून उतरलं अशी परंपरा आहे, आणि साऱ्या असांतेंचा प्राण त्यात आहे अशी श्रद्धा. त्याच्यावर राजासुद्धा बसत नाही. 1896 मध्ये इंग्रजांनी राजा प्रेम्पे आणि त्याची आई या अच्या यांना पकडून नेलं. 1900 मध्ये गव्हर्नर हॉजसन कुमासीत येऊन म्हणाला, ते सुवर्णासन मला बसायला का आणलं नाही? त्यातून युद्ध पेटलं. त्याचं नेतृत्व केलं एजिसूची ओहेमा या असांतेवा हिनं. असांते हरले, तिला सेशेल्स बेटांवर पाठवलं आणि 1921 मध्ये ती तिथेच वारली. आसन मात्र इंग्रजांच्या हाती लागलं नाही.

प्रेम्पेलाही सेशेल्सलाच ठेवलं होतं. तिथे 1907 मध्ये त्यानं काय करावं? राजघराण्याचा इतिहास लिहून घ्यायला सुरुवात केली. माहितीचा मुख्य झरा होती त्याची आई. विचार करा, राज्य गेलंय, प्रजा हजारो मैल दूर आहे, आणि हे लोक कागदावर वंशावळ उतरवताहेत. उद्या परत गेलो तर हक्क कशाच्या जोरावर सांगणार? वंशावळीच्या. आई 1917 मध्ये बेटावरच गेली, प्रेम्पे 1924 मध्ये परतला.

पण वंशावळ आठवण ठेवते, तशी काही गोष्टी झाकतेही. असांते राज्यात युद्धातून आणि व्यापारातून आणलेले गुलाम पुष्कळ होते. त्यांची मुलंबाळं हळूहळू मालकाच्या अबुसुआत सामावली जात. त्यावर असांतेंचा कडक नियम होता की दुसऱ्याचं मूळ चारचौघांत उघड करायचं नाही. या नियमानं अनेकांना मानानं जगता आलं हे खरंच. पण गादीचा किंवा जमिनीचा वाद निघाला की कुळातल्या वडीलधाऱ्यांना सगळं आठवे. ज्याची आजी विकत आणलेली होती, त्याचा हक्क तिथे थांबे.

दुसरी बाजू विधवेची. नवरा मेला तर त्याची मिळकत त्याच्या कुळाची. त्याच्यासोबत वर्षानुवर्षं कोकोच्या बागेत राबलेली बायको आणि त्याची स्वतःची मुलं कायद्यानं परकी! म्हणून 1985 मध्ये घाना सरकारनं मृत्युपत्र न करता मेलेल्यांसाठी नवा वारसा कायदा आणला. माणसाचं स्वतःचं घर आणि घरातलं सामान बायको-मुलांना. उरलेल्या मिळकतीचे सोळा भाग धरले तर नऊ मुलांना, तीन जोडीदाराला, दोन आईवडिलांना आणि दोन रूढीप्रमाणे कुळाला. कुळाची सामाईक मालमत्ता या कायद्याबाहेर राहिली. आपण दोघांनी कमावलेलं कोणतं आणि कुळाचं कोणतं, हा वाद त्यामुळे अजूनही घराघरांत येतो.

तेव्हा 'पूर्वजांना मान' या शब्दांत किती गोष्टी बसल्यात बघा. गादीवर कोण बसणार, जमीन कोण कसणार, कोणाला आपलं म्हणायचं आणि कोणाचं मूळ विचारायचं नाही. पुढे कुठल्याही समाजाची वंशावळ हाती आली, तर त्यातली नावं वाचाच. पण ती कोणाच्या तोंडून आली, आणि कुठल्या हक्कासाठी जपली गेली, हेही विचारा. इतिहासाच्या विद्यार्थ्याचं खरं काम तिथून सुरू होतं.