राजपुत्राची सावली आणि वहीतली तारीख

तर मंडळी, गेम तयार करणारी आजची मुलं आपल्या कल्पना ऑब्सिडियन, नोशन असल्या अ‍ॅपमध्ये ठेवतात. पात्रं इकडे, नकाशे तिकडे, मधे दुवे. सोय उत्तमच. पण आपण जरा मागे जाऊ, जॉर्डन मेकनरच्या डायऱ्यांकडे.

त्याचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ साली अ‍ॅपल टूवर आला. काम सुरू झालं १९८५च्या सुमारास. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली उतरवल्या. हालचाल जिवंत झाली खरी, पण संगणकाची मेमरी संपली! दुसऱ्या पात्राला जागाच नाही. मैत्रीण टोमी पियर्स मात्र लढाईचा धोशा लावून बसलेली. शेवटी त्याने राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून स्वतःवरच गणिती क्रियेने बसवली, आणि एक चमचमती सावली उभी राहिली. जवळजवळ फुकटात प्रतिस्पर्धी मिळाला.

आता बघा, विषयवार टिपणांत ही सावली 'पात्रे' या सदरात गेली असती, जणू पहिल्यापासून ठरलेलीच होती. डायरीत मात्र आधीचा नकार, कंटाळा, 'हे सोडून पटकथाच लिहावी का' ही घालमेल, सगळं तारखेसकट आहे. इतिहासाला हेच लागतं.

आम्ही स्वतः आयुष्यभर विषयवार कार्डं केली. तारीख एकावरही नाही. परवा दोन कार्डं सापडली, एकमेकांच्या अगदी विरुद्ध मतांची. अक्षर आमचंच. आधीचं कुठलं, ते काही केल्या सांगता येईना.