पोकरमध्ये पहिल्या जागेवरून किती लावायचं? ठरलेल्या बेटचा हिशेब आणि सीमाभागातला कायदा

राखोली (सिल्वासा) : गुजरातेत सातम-आठमला आणि आपल्याकडे दिवाळीत तीन पत्तीचे डाव बसतात. राखोलीसारख्या कारखानदारीच्या गावात दोन्हीकडची माणसं एकत्र राहतात. तीन पत्तीची सवय घेऊन पोकरला बसणारा नेमका पहिल्या जागेवर फसतो.

पोकरमध्ये डीलरच्या डावीकडचे दोघं पानं बघण्याआधीच स्मॉल आणि बिग ब्लाइंड लावतात. त्यांच्या पुढच्याला सर्वात आधी बोलावं लागतं. हीच अर्ली पोझिशन. नऊ जणांच्या टेबलावर त्याच्यामागे आठ जण बोलायचे बाकी असतात.

इथून ठरलेली बेट लावायची म्हणजे पान कसंही असो, रक्कम एकच, समजा बिग ब्लाइंडच्या तिप्पट. एक्क्यांची जोडी आली म्हणून जास्त आणि दहाची आली म्हणून कमी लावलं, तर टेबलाला पानं न दाखवताच कळतात. पण रक्कम ठरलेली असली तरी पानं निवडूनच घ्यावी लागतात. मधे दीड ब्लाइंड पडलेले असतात आणि ते उचलायला तीन लावायचे. म्हणजे नुसत्या थापेवर बरोबरी साधायची तर तीनात दोनदा सगळ्यांनी पत्ते टाकायला हवेत. त्यासाठी आठातल्या प्रत्येकाने १०० पैकी साधारण ९५ वेळा पत्ते टाकले पाहिजेत. असं टेबल कुठे मिळतं? शिवाय त्या आठात कोणाकडे तरी एक्का, राजा किंवा राणीची जोडी, नाहीतर एक्का-राजा असण्याची शक्यता १८-१९ टक्के आहे. म्हणून जाणकार इथून मोठ्या जोड्या आणि एक्का-राजासारखीच पानं खेळतात, बाकीची टाकून देतात.

तीन पत्तीत ब्लाइंडवाल्याला निम्म्यात चाल मिळते. पोकरमध्ये न बघता खेळायला अशी सूट नाही.

फिक्स्ड लिमिट प्रकारात तर बेट नियमानेच बांधलेली असते. १०-२० च्या टेबलावर पहिल्या दोन फेऱ्यांत १० ची आणि शेवटच्या दोनांत २० ची. कोणी रेझ न करता शेवटपर्यंत गेलं तरी ६० जातात. छोटी रक्कम बघून बसणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

आता कायदा. महाराष्ट्र आणि गुजरात, दोन्हीकडे मुंबई प्रांताचा १८८७ चा जुगारबंदी कायदा चालत आला आहे. कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, आणि रमी कौशल्याची असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं. पोकरला मात्र गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगारच ठरवलं. कर्नाटक उच्च न्यायालयाची भूमिका त्याआधी वेगळी होती. म्हणजे डाव तोच, पण सीमा ओलांडली की अर्थ बदलतो. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांपुरता हा वाद मिटवायला संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला. त्यात कौशल्य की नशीब हा फरकच ठेवलेला नाही. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण ॲपमध्ये अडकलेले पैसे काढायला त्यालाच धावपळ करावी लागते.